आमची काही मागणी नाही

मी आठवीत असतानाच माझ्या मामीनं भर पंगतीत जाहीर केलं होतं, "हिले नवरा पाहाले जातानी संगं शिडी घेऊन जा." सगळे हसले होते. मीही हसले, कारण न हसून करणार काय? हिंगणीत माझ्या उंचीवर बोलायचा हक्क गावातल्या प्रत्येकाला होता. दुकानदार म्हणायचा, "वरचा डबा काढून दे वो पोरी." शेजारची काकू कोळ्याचं जाळं काढायला मला बोलवायची. आई चालताना पाठीत धपाटा घालायची, "वाकून चाल जराशी, पाह्यते लोक."

वाकून चालायला कुणी सांगितलं नाही अशी एकच जागा मला सापडली. सेलूच्या आमच्या शाळेत मुरमाचं मैदान होतं आणि त्याच्या एका टोकाला लोखंडी खांबावर बास्केटबॉलची रिंग. जाळी कधीच गेलेली. शाळेतल्या सरांनी मला त्या रिंगखाली उभं केलं आणि म्हणाले, "इथंच राहा. बॉल आला का टाक वर." बस, एवढंच माझं प्रशिक्षण. पण मला ते जाम आवडलं. तिथं उंच असणं हा गुन्हा नव्हता.

बारावीत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत वर्ध्याच्या एका कॉलेजच्या खेळाच्या सरांनी मला पाहिलं. माझा खेळ पाहिला असं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांनी मला पाहिलं. मॅच संपल्यावर त्यांनी मला नाव विचारलं नाही, मार्क विचारले नाहीत. विचारलं काय, तर "तुझ्या घरचं बोलणं कोण करते?"

आमच्या घरचं बोलणं मामा करायचा. नुसतं आमच्याच नाही, अर्ध्या तालुक्याच्या घरांचं करायचा. सोयरिकी जमवणं हा त्याचा खरा धंदा, शेती आपली नावाला. कोणत्या गावात कोणाची पोरगी लग्नाची आहे, कोणाच्या पोराला नोकरी खरी आहे आणि कोणाची नुसती सांगायची आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. दोन्हीकडून मध्यस्थीच्या मानाचा दुपट्टा घ्यायचा आणि दोन्हीकडं सांगायचा, "मी तं तुमचाच माणूस." सर त्याच्यापर्यंत पोचले आणि मामाला काहीच नवीन वाटलं नाही. पोरगी आहे, पाहणारे आहेत, देणंघेणं आहे. अजून काय लागतं?

रविवारी पाहुणे आले. बोलेरोतून खेळाचे सर उतरले, कॉलेजच्या ऑफिसातले एक बाबू उतरले आणि मागून साक्षात संस्थेचे अध्यक्ष उतरले, पांढऱ्या कपड्यात, डोळ्यांवर काळा चष्मा. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. पोरगी पाहायला आलेत, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. आईच्याही नव्हती असं मला अजून वाटतं, कारण तिनं आलूपोहे केले, मला नवा ड्रेस घालायला लावला आणि वर म्हणाली, "नजर खाली ठेवजो." नजर खाली ठेवली तरी मला अध्यक्षांचं टक्कल वरूनच दिसत होतं, त्याला मी काय करणार?

मी ट्रे घेऊन गेले. सरांनी पोह्यांकडं पाहिलंच नाही, खिशातून टेप काढला. मला भिंतीला टेकवून उभं केलं, उंची मोजली, मग हात पसरायला लावून या बोटापासून त्या बोटापर्यंत मोजलं. गुडघे दुखतात का विचारलं. चालून दाखव म्हणाले. मग म्हणाले, "उडी मार." मी मारली. हात छताच्या लाकडी फाट्याला लागला आणि वर्षानुवर्षांची धूळ अध्यक्षांच्या प्लेटीत पडली.

"बाई वो," बाहेरून काकूचा आवाज आला, "हे कोनते पाहुणे आहेत? पोरीले उड्या मारायले लावून राह्यले!"

मग मी आत गेले आणि बोलणी सुरू झाली. दाराला कान लावायची गरजच नव्हती, आमच्या घरात पडदा होता, दार नव्हतं. सर हळू आवाजात सांगत होते की खेळाडूला असं काही देणं नियमात बसत नाही, कागदावर काही येणार नाही, फी माफ आहे, होस्टेल माफ आहे, बाकीचं आपसात समजून घेऊ. नागपूरकडचं एक कॉलेजही पोरीच्या मागं लागणार आहे अशी त्यांना खबर होती, म्हणून अध्यक्ष स्वतः आले होते. विद्यापीठाची ट्रॉफी अध्यक्षांना यंदा पाहिजेच होती. कशाला, तर पेपरात फोटो यायला. आणि फोटो कशाला, तर निवडणूक येत होती.

आणि तेव्हा माझ्या बाबांना काय झालं ते ऐका.

माझे बाबा तसे गरीब स्वभावाचे. वावर, घर, भजन, झालं. पण त्यांनी दोन बहिणींची लग्नं लावली होती आणि दोन्ही वेळा सतरंजीच्या खालच्या अंगाला बसून वरपक्षाचं एक वाक्य ऐकलं होतं. आमच्या भागात मुलाकडचे लोक कधीच हुंडा मागत नाहीत. ते पान खातात, आढ्याकडं बघतात आणि म्हणतात, "आमची काही मागणी नाही. तुम्ही तुमच्या पोरीले काय द्याचं ते द्या." मग पोरीच्या बापाला घाम फुटतो, कारण मागणी असती तर तिला अंत असता. बाबांनी ते वाक्य गिळलं होतं, त्यापायी बैलजोडी विकली होती, आणि तिसऱ्यांदा माझ्या लग्नात ऐकायची तयारी करून बसले होते.

आज समोर बोलेरोवाले बसले होते आणि द्यायची पाळी त्यांची होती. बाबांनी पान तोंडात टाकलं. आढ्याकडं पाहिलं. आणि म्हणाले, "आमची काही मागणी नाई जी. तुम्ही तुमच्या मर्जीनं काय द्याचं ते द्या."

पडद्यामागं आई आणि मी एकमेकींकडं पाहत राहिलो. आईनं तोंडात पदर कोंबला.

मामानं लगेच सूत्रं हातात घेतली. "भाऊ काई बोलनार नाई, थो देवमानूस आहे. पन गाडी तं आजकाल शिपायाचा पोरगाबी घेते." गाडी ठरली. "उन्हाळ्यात पोरगी घरी आली तं तिले गर्मी होईन." कूलर ठरला. "आता एवढं सामान म्हटल्यावर ठेवाले आलमारी पाह्यजे." कूलर आलमारीत कोण ठेवतं, हे कुणी विचारलं नाही. ऑफिसातले बाबू मान हलवत होते. आईनं पडद्याआडून एकदाच विचारलं, "अन् पोरगी शिकन काय तिथं?" सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. मग सर म्हणाले, "शिकन ना जी. कॉलेजच आहे थे."

निघताना अध्यक्षांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत हसत म्हणाले, "आता आपली सोयरीक झाली समजा."

हे ते बोलायला नको होतं. ते राजकारणातले, दिवसभर कुणालाही भाऊ, काका, सोयरे म्हणणारे. त्यांच्या तोंडून निघालं आणि गेलं. पण आमच्या घरात चारचौघांसमोर सोयरीक झाली म्हटलं की ती झाली. बाबांनी हा शब्द धरला तो धरलाच.

कॉलेजात माझी हजेरी रोज लागत होती, मी मात्र वर्गात नसायचे. सकाळी प्रॅक्टिस, संध्याकाळी प्रॅक्टिस, दुपारी झोप. रोज अंडी आणि दूध मिळेल असं ठरलं होतं. ती अंडी कुठं गेली देव जाणे, आम्हाला तर पिवळं वरण मिळायचं. आमच्या संघाची कॅप्टन लग्न झालेली बाई होती, तिचा पोरगा पहिलीत होता आणि ती बी.ए.च्या पहिल्या वर्षाला तिसऱ्यांदा बसली होती, दर वेळी वेगळ्या कॉलेजात. मी तिला ताई म्हणायचे. ती मला म्हणायची, "तू खांब आहेस. खांबासारखी उभी राह्यजो, बाकी आमी पाह्यतो."

मला या खांबाचा राग यायचा. खरं सांगते, रात्रंदिवस जाळायचा तो शब्द. माझ्यासाठी गाडी दिली, कूलर दिला, आणि तो सगळा माझ्या हाडांचा भाव होता. टेपनं मोजून दिलेला. मला खेळता येतं की नाही, हे अजून कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणून मी एक गोष्ट मनात धरली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल झाली की विद्यापीठाची निवड समिती तिथल्या तिथं विद्यापीठाचा संघ निवडते. त्यात नाव आलं की कलर कोट, म्हणजे विद्यापीठाच्या नावाचा ब्लेझर मिळतो. तो कोट मला पाहिजे होता आणि तो माझ्या हातानं मिळवलेला पाहिजे होता. खांबाला कोट कोण देतं? तो खेळाडूलाच देतात ना? सगळ्या पोरी गेल्या की मी एकटी कोर्टवर थांबून लांबून बॉल टाकायचे. रिंगखालून नाही, लांबून. आधी एकही पडत नव्हता. मग पडायला लागले.

इकडं हिंगणीत बाबा गाडी चालवायला शिकले आणि थेट नवऱ्यामुलाचा बाप झाले. पोळ्याला अध्यक्षांकडून काही आलं नाही, म्हणून नाराज. दिवाळीला मिठाईचा डबा आला, पण तो शिपायाच्या हातून आला, म्हणून अजून नाराज. एकदा त्यांनी वावरात गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांचा बेत केला आणि अध्यक्षांना सहकुटुंब बोलावलं. अध्यक्षांऐवजी ऑफिसातले बाबू आले, पोटभर जेवले, वांग्याची भाजी डब्यात बांधून नेली. बाबांच्या लेखी अध्यक्ष आता व्याही होते, त्यांनी ते मनात लिहून ठेवलं. "इवायानं यावं का नाई? मानूस पाठवते म्हंजे काय?" आई वैतागून म्हणाली, "तुमचं लगन लागलं काय जी त्या कॉलेजशी?" पण बाबा ऐकायच्या पलीकडं गेले होते. मामा तेल ओतायला होताच.

फायनल आमच्याच कॉलेजच्या मैदानावर होती. मांडव घातला होता, पुढं सोफे, मागं खुर्च्या, लाउडस्पीकरवर कॉलेजचे एक प्राध्यापक शेरोशायरी करत होते. समोर नागपूरकडचं तेच कॉलेज. त्यांच्या संघातही आमच्या ताईच्या वयाच्या दोन तायाबाया होत्या, म्हणजे हिशेब बरोबरीचा. निवड समितीचे तीन सर पहिल्या सोफ्यावर, त्यांच्यापुढं काजूची प्लेट. बाबा आणि मामा नव्या टोप्या घालून दुसऱ्या रांगेत. दुसऱ्या! बाबांचा चेहरा मला कोर्टवरून दिसत होता आणि मला तेव्हाच धडकी भरायला पाहिजे होती.

मॅचआधी सत्कार झाले. आमदारांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, आणि मग कॅप्टनताईच्या सासऱ्याचा झाला, कारण ते त्यांच्या गावचे सरपंच होते. शाल, श्रीफळ, टाळ्या. बाबांनी टोपी नीट केली, शर्ट खाली ओढला आणि वाट पाहत राहिले. त्यांचं नाव कुणी घेतलंच नाही. शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली.

पहिला भाग मी बरी खेळले. मध्यंतराला आम्ही थोड्या मागं होतो. मी पाणी पीत होते, तेवढ्यात मनगट कुणीतरी धरलं. बाबा होते. पायात चपला, टोपी हातात, डोळे लाल.

"चाल घरी."

"बाबा, मॅच चालू आहे."

"चाल म्हनतो ना! मान नाई तिथं आपुन राह्यत नाई."

मागून मामा आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाला. आता मामानं आयुष्यभर लग्नातले रुसवे काढले आणि लावले, आवाज कुठं कमी पडणार? "सरपंचाचा मान होते, मांडववाल्याचा होते, अन् सोयऱ्याचा नाई? कोनती रीत आहे ही?" अध्यक्ष धावत आले. खेळाचे सर धावत आले. सर कळवळून म्हणत होते, "हळू बोला जी, हळू बोला." त्या दोन शब्दांनी बाबा पेटले. त्यांनी खिशातून गाडीची चावी काढली आणि कोर्टच्या मधोमध फेकली. "घेऊन जा आपली गाडी! कूलरबी घेऊन जा! आलमारी उद्या पाठवतो! पोरीच्या बदल्यात देलं म्हनून काय मानूस इकत घेतला काय?"

कागदावर जे नव्हतं ते आता कोर्टवर पडलं होतं, चावीच्या बिल्ल्यासकट. मी समोरच्या कॉलेजकडं पाहिलं. आता ते तक्रार करतील, आमचा संघ बाद होईल, असं मला वाटलं. पण त्यांचे सर खाली बसून आपल्या बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती. त्यांच्या दोन तायांपैकी एक आकाशातले पक्षी मोजत होती. पहिल्या सोफ्यावर निवड समितीला अचानक काजू फारच आवडायला लागले. एवढ्या सगळ्यांत बोलले फक्त पंच. ते बाबांजवळ आले आणि कडक आवाजात म्हणाले, "ओ काका, चपला घालून कोर्टवर यायचं नाही. नियम आहे."

हसावं की रडावं मला कळेना. बाबा मला ओढत होते आणि माझा कोट त्या मांडवातून चालला होता. माझं डोकं फिरलं. मी हात सोडवला आणि पूर्ण उंचीनं उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांसमोर वाकले नाही.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही पोराकडचे आहात का पोरीकडचे, हे पह्यले ठरवा. पोराकडचे असान तं रुसा, पन मंग पोरगा दाखवा कुठं आहे. अन् पोरीकडचे असान तं पोरगी देऊन झाली. देल्या घरची पोरगी बापाले अशी हात धरून वापस नेता येत नाई. मांडवात तं नाईच नाई."

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा मांडव हसला. मामानं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच्या धंद्यातला नियम होता, तो खोडणार कसा? बाबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत रागाखाली दुसरंच काही होतं, लाजलेलं. पण त्यांनी हात परत धरला नाही. अध्यक्ष हुशार माणूस, त्यांनी स्वतःच्या गळ्यातला शेला काढून बाबांच्या गळ्यात घातला आणि माइकवरून ओरडले, "आमच्या इवाईबुवासाठी जोरदार टाळ्या!" टाळ्या वाजल्या. बाबांना पहिल्या रांगेत सोफा मिळाला. ते बसले. मामानं कोर्टवरून चावी उचलली आणि फुंकर मारून खिशात टाकली, स्वतःच्या.

मग मी खेळले. कशी खेळले ते मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. मी रिंगखाली उभी राहिलेच नाही. बाहेरून टाकले, पळत टाकले, ताईच्या हातून हिसकावून टाकले. ताई ओरडली, "अवो खांबा, जागेवर राह्य!" मी म्हटलं, "तूच राह्य." शेवटी शेवटी तीच मला बॉल द्यायला लागली. आम्ही जिंकलो. अध्यक्षांनी ट्रॉफी धरून इतके फोटो काढले की ती त्यांनीच उडी मारून मिळवल्यासारखं वाटत होतं. आणि मग लाउडस्पीकरवर विद्यापीठाच्या संघाची नावं वाचली. माझं नाव आलं.

मी रडले. भर मांडवात, हमसून हमसून. माझ्या हाडांचं नाही, माझं काहीतरी कुणीतरी पाहिलं होतं. बाबा गळ्यातल्या शेल्यावर हात फिरवत शेजारच्याला सांगत होते, "माही पोरगी आहे थे." त्या क्षणी मी त्यांना गाडी, कूलर, चपला, सगळं माफ करून टाकलं.

संध्याकाळी मांडव सुटत होता. खेळाचे सर चहा घेऊन माझ्याजवळ आले. माणूस तसा वाईट नव्हता. माझे डोळे सुजलेले पाहून त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "एवढी जीव तोडून कायले खेळली वो? पाय मुरगळला असता तं? तुझं नाव तं परवाच झालतं. अध्यक्ष साहेबानं बोलून ठेवलतं समितीशी."

मला वाटलं ते थट्टा करतायत. मी विचारलं, "पन सर, त्यायनं आज मॅच पाह्यली ना?"

"पाह्यली ना. अर्धी पाह्यली." सरांनी चहाचा घोट घेतला. "तुझ्या बाबाचं थे चावीचं झालं ना, त्याच्यानंतर अध्यक्ष साहेब म्हनले, तुम्ही कायले ताटकळता. मंग त्यायले मागच्या हॉलमंधी जेवाले बसवलं. यादी वाचाले आले वापस."

त्यांना मला दिलासा द्यायचा होता. मी चहा घेतला, थँक्यू सर म्हटलं.

कोट आला. चांगला शिवलेला होता, फक्त बाह्या आखूड पडल्या. आता मी एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते आणि त्या मला विचारतात, मॅडम, तुम्ही खरंच चांगल्या खेळायच्या का? मी म्हणते, मला नाही माहीत. त्यांना वाटतं मॅडम मोठेपणा करत नाहीत. खरंच मला माहीत नाही गं. ज्यांना विचारायचं होतं ते तेव्हा जेवत होते.